झडप टिपायची असेल तर आधी वारा बघा

मासे मारणाऱ्या शिकारी पक्ष्यांची फोटोग्राफी म्हटलं की सगळी चर्चा लेन्सवर अडते. ५००-६०० मिमी लागतेच, पण फोटो मिळणार की नाही हे तुम्ही कुठे बसता यावर ठरतं. ऑस्प्रे, म्हणजे कैकर, वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि मासा घेऊन पाण्यातून उठतोही वाऱ्याकडेच. त्यामुळे सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी हवेत. सकाळी पूर्व काठावर बसलात आणि वारा पूर्वेचा असला, तर पक्षी मासा घेऊन समोरून अंगावर येतो. वारा पश्चिमेचा असेल तर त्याच जागेवरून शेपट्याच मिळतील. मग दुपार ढळल्यावर पलीकडचा काठ गाठावा.

ऑस्प्रे हिवाळी पाहुणा. त्याच्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरी, काळम्मावाडीसारखे मोठे जलाशय. हात बसवायला मात्र कोल्हापुरातले रंकाळा आणि कळंबा तलाव उत्तम, कारण तिथे ब्राह्मणी घार दिसते. ती बुडी मारत नाही, पाण्यावरचा मासा पंजाने अलगद उचलते. वेग कमी, सरावाला सोपी.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते एक्स्पोजरमुळे. आकाशासमोरचा ऑस्प्रे दोन-तीन सेकंदांत गडद पाण्यासमोर येतो. ऑटोवर असलेला कॅमेरा पाण्याचा काळोख मोजून उजेड वाढवतो आणि पक्ष्याचं पांढरं पोट जळून जातं, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून पूर्ण मॅन्युअल: शटर १/३२०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ६.३, आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) काठावरच्या बगळ्यावर ठरवायचा. त्याच उन्हातल्या बगळ्याच्या पिसांचा तपशील शाबूत राहिला, तर ऑस्प्रेचंही पोट जळणार नाही. ढग आला की पुन्हा तपासा.

फोकस सतत चालू मोडवर, ट्रॅकिंग जरा चिवट ठेवा, म्हणजे फोकस पक्ष्याला सहज सोडणार नाही, नाहीतर उडालेलं पाणी फोकस ओढून घेतं. लेन्सचा फोकस लिमिटर (किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण) लांबच्या टप्प्यावर. फ्रेममध्ये पक्ष्याभोवती भरपूर जागा सोडा, नाहीतर पंख उघडले की ते कापले जातात.

पक्षी हवेत थांबला असताना बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा मारा, सुरू करू नका. बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमक्या झडपेला कॅमेरा अडकतो. पंख मागे घेऊन पाय पुढे आले, की बटण दाबा. पाण्यातून उठल्यावरही डोळा व्ह्यूफाइंडरलाच हवा. थोडं वर गेल्यावर ऑस्प्रे ओल्या कुत्र्यासारखा अंग झाडतो, मग माशाचं तोंड पुढे करून एका पायामागे दुसरा पाय धरतो. हे घडत असताना बहुतेक जण स्क्रीनवर आधीचे फोटो बघत असतात!

ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते; मग लांबचा एकही फोटो धारदार येत नाही, लेन्स कितीही महाग असो. पक्षी जवळ यावा म्हणून मासे फेकू नका. आणि धरणाच्या भिंतीजवळ परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.