कोनाचं झाड आणि काड्यापेटीतली गव्हाण

डिसेंबर लागला की पालकांच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "टीचर, ख्रिसमसला काय काय सामान आणू?" त्याखाली लगेच सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांतले फोटो: चमकीचं झाड, चिकटवायचे तयार तारे, फोमचा सांता. माझी यादी ऐकून नवीन पालक जरा हिरमुसतात. सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन, टॉवेलच्या काठाची कातरण, दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला घोटीव कागद, काड्यापेट्या. संपली यादी.

आमची बालवाडी सोलापूरच्या पूर्व भागात. घरटी कुणी ना कुणी यंत्रमागावर, नाहीतर टॉवेलच्या किंवा गणवेशाच्या कारखान्यात. मुलं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, आणि माझ्याशी दोन्ही एकत्र. अशा ठिकाणी हस्तकलेचं सामान विकत कशाला आणायचं? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हातात दिल्या. आपण मात्र अजून थर्माकोलचे गोळे आणतोय, आणि ते नेमके कुणाच्या तरी नाकात जातात.

माझा आग्रह एवढाच, की वस्तूतलं मुख्य काम मुलानं करायचं. टीचरनं झाड कापलं, टीचरनं तारा आखला, आईनं रात्री बसून रंगवलं आणि मुलानं शेवटी एक टिकली लावली, तर ते आईचं झाड. आईचं झाड छानच होतं, स्टेटसला शोभतं. पण तीन वर्षांच्या मुलाचं झाड वाकडंच असणार. सरळ असेल तर मला शंका येते.

आता कोन. मागावर येणारं सूत ज्या जाड पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळलेलं असतं, तो रिकामा झाला की उभा करून बघा: खाली रुंद, वर निमुळता, झाडाचा आकार आयताच. कारखान्यात ते पोत्यानं पडलेले असतात. प्लास्टिकचे नकोत, त्यांच्यावरून पट्टी घसरते आणि मैद्याची खळ धरत नाही. कोनाच्या खालच्या कडेला मी एक खाच पाडून देते. तिच्यात हिरव्या कातरणीचं टोक अडकवायचं आणि गोल गोल गुंडाळत वर जायचं. पट्टी हातभरच ठेवा. जास्त लांब दिली की ती गळ्यात जाते. संपली की दुसरी द्यायची, गाठ टीचरनं मारायची.

दिसायला सोपं, पण यात दोन हातांना दोन वेगळी कामं आहेत. एकानं कोन धरायचा, दुसऱ्यानं पट्टी ताणून फिरवायची. बहुतेक मुलं पट्टी घेऊन कोनाभोवती हात फिरवतात आणि मागच्या बाजूला पोचली की अडकतात. कोपर वर जातं, पट्टी सैल पडते, सगळे वेढे खाली गोळा होतात. छोट्या गटातल्या एका मुलीनं मात्र पट्टीचा हात जागेवरच ठेवला आणि मांडीवर आडवा धरलेला कोन दुसऱ्या तळव्यानं फिरवायला लागली. वेढे एकाशेजारी एक, घट्ट. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "अव्वा असंच कांड्या भरते." म्हणजे घरात मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळतात, तसं. शेजारच्या दोघांनी लगेच आपापले कोन मांडीवर घेतले. मी काहीच शिकवलं नाही. मनगट फिरवणं, बोटांनी ताण धरणं, हे सगळं पुढे पेन्सिल धरताना लागतं, म्हणून या कामाला मी घाई करत नाही. कुणाचं दोन दिवस चालतं, चालू दे.

कात्रीचंही तसंच. तीन वर्षांच्या मुलाला रेषेवर कापायला सांगणं म्हणजे त्याला रडवणं. त्याच्या हातात घोटीव कागदाची बोटभर रुंद पट्टी द्या, एका 'कच'मध्ये तुकडा पडतो. कच, कच, कच, वाटी भरते. तेच तुकडे झाडावरची सजावट. चारच्या पुढे सरळ रेषा जमते, गोल आणखी उशिरा. चमकीची पूड मी वर्गात येऊच देत नाही. ती डोळ्यात जाते, आणि होळीपर्यंत सतरंजीतून निघत राहते.

चिकटवायला खळ. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, त्यात चार वाट्या उकळतं पाणी ओतत ढवळायचं आणि मंद आचेवर पारदर्शक होईतो शिजवायचं. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मुलांसाठीच्या खळीत ते अजिबात नको, विषारी असतं आणि आमची मंडळी बोटं चाटतात. त्यापेक्षा थोडीच करा आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

बर्फाच्या चांदण्या सगळीकडे करतात, म्हणून आम्हीही करतो. पण सोलापुरात बर्फ म्हटलं की पहिला प्रश्न, "गोळ्याचा का टीचर?" सकाळी स्वेटर-कानटोपी घालून आलेली मुलं अकरा वाजता ते काढून दप्तरात कोंबतात, तिथे हिमवर्षाव कसा समजवायचा? मी फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यातला पांढरा भुगा डब्यातून आणते, हाताला लावते, तो विरघळतो. तेवढं पुरे. चांदणी करताना गोल कागद अर्धा दुमडायचा आणि मग त्याच्या तीन सारख्या घड्या घालायच्या. हे मोठ्यांचं काम. कडेला बारीक काप मारणं आणि उलगडून "आऽऽ" म्हणणं मुलांचं. कागद नुसता अर्धा-अर्धा-अर्धा दुमडला तर आठ पाकळ्या येतात. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी मांडणीत बसतात, म्हणून खऱ्या हिमकणाला सहा. बाजारच्या तक्त्यांवर मात्र आठ पाकळ्यांच्या चांदण्या बिनधास्त असतात. मुलांना काही फरक पडत नाही, मला पडतो.

सांता फार थोडक्यात: कागदी ताटली, कापूस, खळ. अर्धा कापूस ताटलीला, अर्धा स्वतःच्या हनुवटीला. त्यातले बरेच सांता 'ताता' म्हणजे आजोबा होतात, एकाला तर कपाळाला गंधही लागलं होतं. लावू दे.

मला सगळ्यात आवडते ती गव्हाण. आमच्या एक सहकारी टीचर ख्रिस्ती आहेत. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकापासूनचं, त्यामुळे इथला नाताळ काही टीव्हीतून आलेला नाही. त्यांच्या घरी करंज्या होतात, दारात कागदी तारा लागतो. वर्गात गोष्ट त्याच सांगतात: मुक्कामाला जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं. लगेच एक जण उभा राहतो, "आमच्या मामाच्या गोठ्यात आहे, म्हैस त्यात खाते!" पुढचं समजवायची गरजच उरत नाही. काड्यापेटीचं आतलं खोकं म्हणजे गव्हाण. त्यात कडब्याचे बारीक तुकडे, आमच्या मावशी गावाकडून पेंढी आणतात. धाटाची वरची साल ब्लेडसारखी कापते, म्हणून ती मोठ्यांनीच सोलायची आणि मुलांना फक्त आतला पांढरा मऊ गर द्यायचा. बाळ म्हणजे टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली भुईमुगाची शेंग. हे मोठ्या गटातच, आणि आपण समोर बसूनच. चारच्या आतल्या मुलांच्या घशात शेंगदाणा अडकू शकतो, त्यांच्या गव्हाणीत कागदाची सुरळी. मोठ्या गटातली काही बाळं घरी पोचेपर्यंत टिकत नाहीत. गव्हाणीत टरफल तेवढं सापडतं. टीचर हसून हसून बेजार.

सुट्टीनंतर कोन फेकत नाही. हिरव्या पट्ट्या उलट्या फिरवत सोडवणं मुलांना गुंडाळण्याइतकंच आवडतं. तोवर गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेचे, वेध लागलेले असतात, संक्रांतीला त्यांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, आणि मुलांना घरात बघून-ऐकून सगळं पाठ असतं. तेच कोन एकावर एक चढवायचे, पांढरं कापड गुंडाळायचं, शेंड्याला फुलं. उंची किती करायची यावरून भांडणं होतात, म्हणून कोन जरा जास्तच मागवून ठेवा.