एमडीनंतर पुन्हा वर्गात: एपिडेमिऑलॉजीच्या पीएचडीचं कोर्सवर्क

प्रवेशाचा हंगाम आला की पीएसएमच्या (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. "मॅम, एमडी झालंय, थिसिस झालाय, तरी तिकडे अमेरिकेत परत दोन वर्षं लेक्चर्सना बसायचं?" हो, बसायचं. दर आठवड्याला असाइनमेंट द्यायची, मिडटर्मचा अभ्यास करायचा, कोड चालत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये थांबायचं. माझं मत विचाराल तर एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे लोकसमूहांतल्या आजारांच्या अभ्यासाच्या, या पदवीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

भारतात यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान 12 क्रेडिट्सचं कोर्सवर्क लागतं. त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा 2 क्रेडिट्सचा पेपर सक्तीचा, आणि पास व्हायला 55 टक्के. अमेरिकेत असा एकच देशव्यापी नियम नाही, प्रत्येक विद्यापीठाचं आपापलं हँडबुक असतं. पण मास्टर्स करून आलेल्यालाही साधारण दोन वर्षं वर्गात जातात. मी शिकते तिथे एका सेमिस्टरला तीन कोर्स, म्हणजे 9 क्रेडिट्स, आणि सोबत आठवड्याचे वीस तास असिस्टंटशिप, म्हणजे विभागासाठी करायचं काम. तीन कोर्स ऐकायला कमी वाटतात, प्रत्यक्षात दिवस पुरत नाही.

या सगळ्याचा कणा म्हणजे मेथड्सचे, म्हणजे संशोधन-पद्धतींचे कोर्स. पहिला झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, दुसरा झाल्याशिवाय तिसरा. पहिल्यात रेट, रिस्क, कोहॉर्ट (एक गट घेऊन पुढे त्याचं काय होतं ते बघणं), केस-कंट्रोल (आजारी आणि निरोगी लोकांच्या मागच्या सवयींची तुलना) हे सगळं येतं. आपल्याला वाटतं की हे एमडीला पाठ केलंय, पण ते इथे वेगळ्याच तऱ्हेने समोर येतं. एक उदाहरण सांगते. इंग्लंडच्या ईशान्येला विकहॅम नावाचा भाग आहे. तिथे 1972 ते 1974 मध्ये एक पाहणी झाली आणि वीस वर्षांनी त्याच लोकांचा पुन्हा माग काढला. त्यातल्या 1314 बायकांचा तक्ता आमच्या हातात दिला. सिगारेट ओढणाऱ्या 582, त्यातल्या 139 गेल्या, म्हणजे 24 टक्के. न ओढणाऱ्या 732, त्यातल्या 230 गेल्या, म्हणजे 31 टक्के. प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, "मग सिगारेटने आयुष्य वाढतं का?" आणि गप्प बसले.

कन्फाउंडिंग, म्हणजे तिसऱ्याच एखाद्या गोष्टीमुळे तुलना फसणं, हा शब्द वर्गात सगळ्यांच्याच तोंडावर होता. पण त्यांना शब्द नको होता, त्यांना आकडे हवे होते. वयाप्रमाणे तक्ते मांडायला लावले. 55 ते 64 या गटात ओढणाऱ्या 115 पैकी 51 गेल्या, न ओढणाऱ्या 121 पैकी 40. म्हणजे 44 टक्के आणि 33 टक्के, चित्र उलटं झालं. मग पाहणीच्या वेळी पासष्टी ओलांडलेल्या किती, ते मोजलं. न ओढणाऱ्यांत 193, ओढणाऱ्यांत जेमतेम 49. सिगारेट न ओढणारा गट मुळातच म्हातारा होता. पंच्याहत्तरीपुढच्या 77 बायका तर दोन्ही गटांत मिळून वीस वर्षांत एकूण एक गेल्या होत्या. त्यानंतर सगळ्या वयोगटांचे तक्ते जोडून एकच उत्तर काढणारं मँटेल-हेन्झेलचं 1959 चं सूत्र हाताने, कॅल्क्युलेटर घेऊन. त्या दिवसापासून कुठलाही पेपर हातात आला की मी आधी पहिला तक्ता बघते: दोन गटांची वयं काय आहेत?

दुसऱ्या कोर्समध्ये बायस, म्हणजे अभ्यासाच्या रचनेतूनच उत्तरात शिरणारी चूक. इथे मला माझं जुनं काम सारखं आठवायचं. मी सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंय आणि आता माझा विषयही क्षयरोग आणि मधुमेह हाच आहे. समजा तुम्ही क्षयरोगाचं रजिस्टर काढलं आणि दोन गट केले: सहा महिन्यांचा उपचार पूर्ण केलेले आणि न केलेले. पूर्ण केलेल्यांत मृत्यू कमी दिसणारच. कारण पूर्ण करायला माणूस सहा महिने जिवंत राहावा लागतो! जो दुसऱ्या महिन्यात गेला तो आपोआप दुसऱ्या गटात जाऊन पडला. औषधाचा खरा गुण किती आणि या वाटणीमुळे दिसणारा फरक किती, हे या तक्त्यावरून कळतच नाही. याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात, आणि तो टाळायचा तर निदानाच्या दिवसापासून प्रत्येकाचे दिवस मोजून कोण केव्हा कुठल्या गटात होता ते मांडावं लागतं. आपल्याकडच्या कितीतरी रेकॉर्ड-बेस्ड थिसिसमध्ये ही तुलना सर्रास असते आणि कुणी हरकत घेत नाही, कारण ती घ्यायला कुणी शिकवलेलंच नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. रजिस्टर भरणाऱ्या एसटीएसची (क्षयरोग उपचारांवर देखरेख करणारे कर्मचारी), आशाताईंची मेहनत खरी असते, आणि निष्कर्ष मात्र चुकीचा निघतो.

तिसऱ्यात कॉझल इन्फरन्स, म्हणजे कशामुळे काय झालं हे ठरवणं. डॅग (कारण आणि परिणाम बाणांनी जोडणारी आकृती) काढणं, बाणांची दिशा ठरवणं, कशासाठी अ‍ॅडजस्ट करायचं आणि कशासाठी मुळीच करायचं नाही. जेमी रॉबिन्स यांचा 1986 चा जी-फॉर्म्युल्याचा (काळानुसार बदलणाऱ्या उपचारांचा परिणाम काढायची पद्धत) पेपर इथे भेटतो. पहिल्या वाचनात काही कळत नाही, पण तो सोडू नका. बर्कसन यांनी 1946 मध्ये दाखवलं होतं की फक्त हॉस्पिटलमधले पेशंट घेतले की एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन आजारही जोडीने फिरताना दिसतात. ओपीडीत बसून अभ्यास करणाऱ्या आपल्या लोकांनी तर हे घोकूनच ठेवावं.

बायोस्टॅटचे, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राचे कोर्स याला समांतर चालतात: लिनिअर आणि लॉजिस्टिक रिग्रेशन, मग सर्व्हायव्हल (एखादी घटना घडायला किती वेळ लागतो), मग लाँगिट्युडिनल (त्याच माणसांची पुन्हा पुन्हा घेतलेली मापं). आपल्याकडची रीत अशी की एक्सेल शीट स्टॅटिस्टिशियनला पाठवायची आणि पी व्हॅल्यू परत मागवायची. इथे लाइकलिहुड, म्हणजे हातातला डेटा मॉडेलशी किती जुळतो ते सांगणारं सूत्र, कागदावर लिहून दाखवावं लागतं. सर्व्हायव्हलच्या कोर्सला कॉक्स यांचं 1972 चं मॉडेल येतं, पण त्याआधी बरेच तास सेन्सॉरिंगवर, म्हणजे ज्यांचं पुढे काय झालं ते कळलंच नाही अशा पेशंटांवर, जातात. गाव सोडून ऊसतोडीला गेलेला पेशंट रजिस्टरमधून नाहीसा होतो, त्याचं काय करायचं? तो बरा असेल म्हणून गेला की खंगला म्हणून गेला, यावर सगळं उत्तर अवलंबून. हा प्रश्न मी वर्गात मांडला तेव्हा त्यावर अख्खा तास चर्चा झाली, आणि माझ्या प्रबंधाचा एक भाग त्यातूनच निघाला.

एथिक्सचा कोर्स छोटा असतो. टस्किगी (सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवून केलेला अमेरिकेतला अभ्यास), माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा 1979 चा बेलमाँट रिपोर्ट, आयआरबीचे (संस्थेची नैतिकता समिती) फॉर्म. नुसतं लिहून पुढे जावं असा तो नव्हे, पण समजायला सोपा आहे. एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) न केलेल्यांना पब्लिक हेल्थचा एक पायाभूत कोर्सही घ्यावा लागू शकतो, कारण सीईपीएच ही मान्यता देणारी संस्था पीएचडीवाल्यांकडूनही तो पाया मागते. आपली एमडी त्यात धरतात की नाही, हे आधीच विचारून घ्या.

एका तासाबद्दल मात्र लिहायलाच हवं. फील्ड ट्रायल्सच्या, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत केलेल्या चाचण्यांच्या कोर्सला वाचायला आलेल्या पेपरांत 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा पेपर होता. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी, 39 गावांत उपक्रम आणि 47 गावं तुलनेसाठी, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी 25.5 विरुद्ध 59.6. वर्गात कुणाला गडचिरोली नकाशात दाखवता आली नसती, पण सगळे त्या तक्त्यांत गढून गेले होते. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, मग तुलना कितपत ग्राह्य? उपक्रमाआधीचे दर दोन्हीकडे जवळपास सारखे होते, त्याचा आधार किती घ्यायचा? एकाच गावातली बाळं एकमेकांसारखी असतात, तर 39 गावं म्हणजे नमुना नेमका केवढा? मला अभिमान वाटत होताच, पण त्याहून जास्त आनंद याचा होता की त्या पेपरला कुणी सहानुभूतीने वागवलं नाही. त्याची कसून तपासणी झाली, आणि तो टिकला.

आता तुमचा लाडका प्रश्न, वेव्हर. एमडीतला बायोस्टॅट दाखवून पहिल्या पातळीचा कोर्स माफ करून घेता येतो का? काही ठिकाणी येतो. मी सांगेन की मेथड्स आणि बायोस्टॅट यांतला एकही माफ करून घेऊ नका. घ्यायचीच असेल तर सूट संसर्गजन्य रोगांच्या किंवा कार्यक्रमांच्या कोर्सवर घ्या, ते तुम्हाला खरंच येतं. हात पक्का होतो तो पहिल्या कोर्समधल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गणितांनीच. गाइड म्हणतील, कोर्स लवकर संपव आणि डेटाला लाग. त्यांना असिस्टंटशिपच्या कामाची घाई असते, ते समजून घ्या, पण सेमिस्टर तुमचं आहे.

कोर्स संपले की क्वालिफाइंग परीक्षा, बऱ्याच ठिकाणी लेखी आणि तोंडी. लेखीत एक अनोळखी पेपर देतात आणि त्याची चिरफाड करायला सांगतात. सूत्रं पाठ असून तिथे भागत नाही. आम्ही चौघी जणी दर शनिवारी बसून एकमेकींना पेपर द्यायचो. तुम्हीही पहिल्या सेमिस्टरपासूनच असा गट जमवा. परीक्षा जवळ आल्यावर जो तो आपल्या खोलीत शिरतो.

निघायच्या आधी काय वाचू, असंही विचारता. बारावीचं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन पुन्हा काढा, मेडिकलला गेल्यापासून ते सुटलेलं असतं. मॅट्रिक्सचा गुणाकार यायला हवा. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच लॅपटॉपवर टाका आणि आपल्याच थिसिसचा डेटा त्यात घालून पहिला तक्ता बनवा. ज्या विभागाला अर्ज करताय त्यांचं विद्यार्थी-हँडबुक वेबसाइटवर बहुधा सापडतं. त्यात मेथड्सचे कोर्स किती, ते कोणत्या सेमिस्टरला असतात आणि इलेक्टिव्हला (आवडीने निवडायच्या कोर्सला) जागा किती उरते, एवढं बघून घ्या. काही कोर्स एक वर्षाआड असतात. लाँगिट्युडिनल तुमच्या दुसऱ्या वर्षात येत नसेल, तर तो कधी घ्यायचा हे पहिल्याच भेटीत गाइडना विचारा.