विंडोज ११ वर जुनं पेजमेकर, माझा अनुभव

मी गिरगावात एका छापखान्यात डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या स्मरणिका आणि मुख्य म्हणजे गणपती मंडळांचे अहवाल. हे सगळं अजून पेजमेकर ७ या पानं मांडायच्या प्रोग्रामवर चालतं. हसू नका, मला माहितेय ते २००१ सालचं आहे आणि नंतर ते बनवणाऱ्या अडोबीने सगळा जोर इनडिझाइन या दुसऱ्या प्रोग्रामवर लावला. पण मंडळाचा माणूस ऐन श्रावणात येऊन "मागच्या वर्षीचाच ठेवा, फक्त खजिनदार बदलला" म्हणतो तेव्हा ती मागच्या वर्षीची फाइल पेजमेकरचीच असते ना. नवीन इनडिझाइनमध्ये ती उघडत पण नाही, त्याच्या सीएस६ या जुन्या व्हर्जनपर्यंतच उघडायची.

तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमचे काका, म्हणजे प्रेसचे मालक, बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर करतात त्यामुळे त्यांच्या मुलाने धोशाच लावला की आता बदला. जुन्या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, आणि खरी गोम म्हणजे त्यावरचं विंडोज जुन्या पद्धतीचं, ३२-बिट होतं आणि विंडोज ११ फक्त नव्या पद्धतीच्या ६४-बिटमध्येच येतं. म्हणजे आहे त्यावर अपग्रेड मारायचा प्रश्नच नाही, कोरं मशीन आणि सगळं पहिल्यापासून बसवायचं. लॅमिंग्टन रोडवरून मशीन आणलं. जोडून देणाऱ्या पोराने पेजमेकरची सीडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "ताई, हे आता कुठे चालणार, म्युझियममध्ये द्या."

चाललं की! नवीन मशीनला सीडी ड्राइव्हच नाही म्हणून जुन्यावर सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून घेतली, ती विंडोज ११ मध्ये डबल क्लिक केली की सीडीसारखीच उघडते. इन्स्टॉल करताना प्रोग्राम फाइल्समध्ये न टाकता सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर केलं, कारण जुने प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज आपल्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात आणि प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज ते सरळ लिहू देत नाही. मग आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे एक्सपी सर्व्हिस पॅक ३. बस. २०१४ चा अहवाल उघडला, जाहिरातींसकट.

मला जे कळलं ते असं, की प्रोग्राम स्वतः बहुतेक वेळा चालतोच. ३२-बिट प्रोग्रामसाठी ६४-बिट विंडोजमध्ये वेगळी सोय आहे. त्याहून जुन्या १६-बिटचं मात्र काहीच चालत नाही, आणि यात गंमत अशी की कधी कधी प्रोग्राम असतो ३२-बिट पण त्याचा सेटअप १६-बिट, आमच्या एका बॉर्डर-क्लिपआर्टच्या सीडीचं तेच झालं. "हे ॲप या पीसीवर चालणार नाही" असा मेसेज आला, मी जुन्या मशीनवरून आख्खं फोल्डर उचलून इकडे टाकलं आणि चालू झालं. अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे प्रिंटरसारखी यंत्रं विंडोजला जोडून देणाऱ्या प्रोग्रामपाशी. ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोज घेत नाही म्हणजे नाही, तिथे कम्पॅटिबिलिटी मोडचा काही उपयोग नाही.

फॉन्टचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट नसेल तर नवरामुलाचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस. फॉन्टच्या टीटीएफ फाइली आणून इन्स्टॉल केल्या तरी पेजमेकरच्या यादीत दिसेनात. तर झालंय असं की विंडोज १० च्या २०१८ च्या एका अपडेटपासून साधं इन्स्टॉल दाबलं तर फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो आणि जुन्या प्रोग्रामना तो दिसेलच असं नाही. राइट क्लिक करून सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल करायचं. आमच्या विंडोज ११ मध्ये हा पर्याय "आणखी पर्याय दाखवा"च्या आत लपवलेला सापडला, का ते त्यांनाच ठाऊक.

आता डोंगल. मराठी टायपिंगचं आमचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या परवान्याच्या किल्लीवर चालतं, तो लावलेला नसेल तर टाइप होत नाही. जुना ड्रायव्हर अर्थातच ३२-बिट. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात नवीन व्हर्जनची किंमत सांगायला लागली, आणि त्यात आमचे जुने फॉन्ट जसेच्या तसे येतील का यावर "सरांना विचारून सांगते", ते सर अजून विचारतायत. डोंगल बनवणारी कंपनी वेगळी असते, तिचा ६४-बिट ड्रायव्हर मिळाला, डोंगलचा दिवा लागला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि टाइप केलं तर इंग्रजी. कीबोर्डचा भागसुद्धा ड्रायव्हर म्हणूनच बसतो आणि तोही ३२-बिट!

शेवटी व्हर्च्युअलबॉक्स घातलं, म्हणजे मशीनच्या आत दुसरं विंडोज चालवायचा प्रोग्राम, ते फुकट आहे. त्यात विंडोज ७ चं ३२-बिट, ज्याची विकत घेतलेली डीव्हीडी काकांनी कपाटात जपून ठेवली होती (काका पावतीसुद्धा ठेवतात). सेटिंगमध्ये यूएसबी फिल्टर लावून डोंगल आत दिला आणि आतल्या पेजमेकरमध्ये मराठी उमटलं. त्या आतल्या विंडोजला इंटरनेट अजिबात दिलेलं नाही कारण त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपलाय, फाइलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून. खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसतं, म्हणजे विंडोजची मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय वगैरे चालू असल्यामुळे ते हळू चालतंय. बंद केली तर वेग वाढेल असं वाचलं, पण काकांची बँक याच मशीनवर, म्हणून राहू दिलं. २००१ च्या सॉफ्टवेअरला कासव पुरतं.

प्रिंटरचा फार त्रास झाला नाही, त्याच्या कंपनीने ड्रायव्हर देणं बंद केलंय पण तो पीसीएल ही प्रिंटरची नेहमीची भाषा समजतो म्हणून विंडोजमधलाच पीसीएल६ क्लास ड्रायव्हर लागला, फक्त ट्रे निवडता येत नाही. काकांचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधलं, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचं बिलिंग तर सरळ सोडून दिलं. त्याच्या डीबीएफ, म्हणजे माहितीच्या फाइली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, पार्ट्यांची यादी काढून घेतली, संपलं. काका दोन दिवस बोलले नाहीत.

ते व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फोल्डरच, त्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवलीय. तरी नवीन मंडळांचे अहवाल मी आता युनिकोडमध्येच करायला घेतलेत. जुन्या याद्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढते, नव्वद टक्के बरोबर येतात, पण रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते आणि गोऱ्हे, कऱ्हाडकर हमखास बिघडतात. त्यामुळे देणगीदारांची यादी छापून हातात घेऊन एकेक नाव वाचावं लागतं, कारण पाच हजार देणाऱ्याचं आडनाव चुकलं तर मंडळाची पोरं प्रेसच्या दारात येऊन उभी राहतात.