आधी पाणी जुळू द्या

राणीगंजच्या कोळसापट्ट्यातल्या, कोळशातला मिथेन गॅस काढायच्या एका विहिरीने मला तीन आठवडे झोपू दिलं नाही. कोळशाचा थर सुमारे 600 मीटर खोल. चार महिने पंप पाणी उपसतोय, गॅसचा मीटर हलत नाही. संगणकावरचं माझं मॉडेल मात्र पहिल्या पंधरवड्यापासूनच गॅस दाखवत होतं. विहीर सोडून द्यावी का, यावर बैठकाही सुरू झाल्या होत्या.

दगडी कोळशातला बहुतेक मिथेन कोळशाच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो. भेगांमधल्या, म्हणजे क्लीटमधल्या पाण्याचा दाब उतरला की तो सुटतो आणि झिरपत क्लीटपर्यंत येतो. म्हणून सिम्युलेशनमध्ये एकाच थराची दोन जाळी मांडतात, एक कोळशाचं आणि एक भेगांचं.

मी आधी मॉडेलमध्ये पारगम्यता, म्हणजे थरातून पाणी-गॅस वाहण्याची सोय, कमी करून पाहिली. गॅस लांबला खरा, पण मग पाणीही आटलं, आणि प्रत्यक्षात तर पंप धो धो पाणी ओढत होता. तिथेच थांबले. पाण्याचा आलेख जुळत नसेल, तर गॅसचा जुळवून काय उपयोग?

मग कपाटातून कॅनिस्टरची वही काढली. विहीर खोदताना वर आलेला कोळशाचा कोअर, म्हणजे दंडगोल नमुना, लगेच हवाबंद डब्यात भरून, थराच्या तापमानाच्या पाण्यात ठेवून, सुटणारा गॅस मोजत राहतात. आधी दर काही मिनिटांनी, मग तासांनी, मग दिवसांनी. पेन्सिलीचे आकडे, कडेला पाण्याचे डाग. बेरीज आली टनाला 10 घनमीटर. कोणत्या दाबाला कोळशात किती गॅस मावतो हे सांगणाऱ्या लँगम्यूरच्या समीकरणाने (आमच्या कोळशाची कमाल 20 घनमीटर, निम्मा गॅस 30 बारला) थराच्या मूळ 60 बार दाबाला (10 मीटर पाणी म्हणजे सुमारे 1 बार) 13.3 घनमीटर मावतात. मी कोळसा काठोकाठ भरलेला धरला होता! मुळात तो अपुरा भरलेला. 10 घनमीटर म्हणजे दाब 30 बारवर येईपर्यंत गॅस सुटणारच नाही.

पुढचं मला फार आवडतं. गॅस सुटला की कोळसा आकसतो, क्लीट रुंदावतात, वाट मोकळी होते. अमेरिकेतल्या सॅन हुआन खोऱ्यात हे ठळक दिसलंय.

सुधारलेलं मॉडेल घेऊन बैठकीला गेले. पंप चालू ठेवायचं ठरलं. थरावर अजून 340 मीटर पाणी उभं आहे. आणखी 40 मीटर उतरलं, की विहिरीलगतचा कोळसा गॅस सोडू लागेल.