वनस्पतिजन्य आहाराला गुण कसे देतात

वनस्पतिजन्य आहार आणि आरोग्य या विषयात संशोधन करायचं असेल, तर दुसऱ्याने पेरलेलं कापायची आणि आपण पेरलेलं दुसऱ्यासाठी सोडायची तयारी हवी. अमेरिकेतल्या परिचारिकांचा मोठा अभ्यास १९७६ साली सुरू झाला, त्यात आहाराची प्रश्नावली आली १९८० साली. हृदयविकाराची उत्तरं मिळायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली.

खरी मेहनत आहे ती गुण देण्यात. प्रश्नावलीतले पदार्थ १८ गटांत वाटतात: सात आरोग्यदायी वनस्पतिजन्य (अख्खी धान्यं, फळं, भाज्या, सुकामेवा, कडधान्यं, वनस्पती तेलं, चहा-कॉफी), पाच कमी आरोग्यदायी (फळांचे रस, मैद्यासारखी कोंडा काढलेली धान्यं, बटाटे, गोड पेयं, मिठाया) आणि सहा प्राणिजन्य. प्रत्येक गटात सहभागींचे, खाण्याच्या प्रमाणानुसार, पाच समान भाग करायचे आणि १ ते ५ गुण द्यायचे. आरोग्यदायी निर्देशांकात पहिले सात गट सुलट (जास्त खाल्लं तर जास्त गुण), बाकीचे अकरा उलट मोजतात; अनारोग्यदायी निर्देशांकात फक्त ते पाच कमी आरोग्यदायी गट सुलट. बेरीज १८ ते ९० मध्ये येते.

ही विभागणी केली नाही, तर गोड पेयं आणि बटाट्यांवर जगणाराही ‘वनस्पतिजन्य’ म्हणून वर चढतो. या परिचारिकांनाही धरून केलेल्या २०१७ च्या विश्लेषणात हा फरक लख्ख दिसला: आरोग्यदायी निर्देशांकात सर्वांत वर असणाऱ्यांना हृदयधमनीविकाराचा धोका तळाच्या गटापेक्षा सुमारे २५ टक्के कमी, तर अनारोग्यदायी निर्देशांकात वर असणाऱ्यांना ३२ टक्के जास्त. नुसतं ‘मांस खाता का?’ एवढं विचारून हे कधीच कळलं नसतं.

चुका ठरलेल्या जागी होतात. एकूणच जास्त खाणारा प्रत्येक गटात जास्त खाणाऱ्यांच्या भागात जातो, म्हणून एकूण उष्मांकांचा हिशेब धरावाच लागतो. न पटणारे आकडे, म्हणजे स्त्रियांत साधारण ५०० पेक्षा कमी किंवा ३,५०० पेक्षा जास्त किलोकॅलरी, बाजूला काढतात. मधुमेहाचं निदान झालं की माणूस खाणं बदलतो. त्यानंतरची प्रश्नावली धरली, तर आजारामुळे बदललेला आहारच आजाराचं कारण भासतो. म्हणून निदानापूर्वीच्या उत्तरांची सरासरी तिथेच गोठवतात. आणि गुण त्या-त्या अभ्यासातल्या सहभागींपुरतेच असतात: एका अभ्यासातले ६० दुसऱ्यातल्या ६० शी ताडून बघू नयेत.

उणी बाजूही तितक्याच काळजीने मोजावी. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात दूधही वर्ज्य करणाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारींच्या दुपटीहून जास्त आढळलं. वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसलेल्या ब-१२ जीवनसत्त्वाचा यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघड होते. म्हणून प्रश्नावलीत ब-१२ च्या गोळीचं नाव, मात्रा आणि किती वर्षांपासून घेता, हे तिन्ही विचारावं.