आईची लिफ्ट, दादाची गाडी आणि माझी टोलची वही

तवसाळच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं की कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. परवा आमच्या आळीतला एक मुलगा भेटला. जयगडला निघाला होता. बोट अजून पलीकडच्या काठाला होती, तर गप्पा सुरू झाल्या. म्हणाला, "ताई, तुम्ही ती घराएवढी गाडी घेऊन युरोप फिरलात ना? तिकडे टोलला फास्टॅग चालतो काय हो?"

मी त्याला जेट्टीवरचा दरफलक दाखवला. दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, ट्रक, प्रत्येकाचा दर वेगळा. म्हटलं, असाच फलक प्रत्येक देशाचा आहे. फरक एवढाच, की एक देश गाडीची उंची बघतो, एक चाकांच्या जोड्या मोजतो आणि एक कागदावरचं वजन वाचतो. तेवढ्यात बोट आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. घरी आल्यावर वाटलं, आता नीट लिहूनच काढावं.

मी बत्तीस वर्षं पोस्टात काउंटरला काढली. वही ठेवायची सवय हाडात भिनलेली. त्यामुळे २०२५ च्या मे-जूनमध्ये दादा-वहिनी, आई आणि मी असे पाच आठवडे फिरलो, तेव्हा टोलचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. दादा तीस-पस्तीस वर्षं श्टुटगार्टजवळ राहतो. गाडी त्याचीच, मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच. दोन आक्सलची, म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांची, ३.१ मीटर उंच आणि पासिंग, म्हणजे कागदावरचं जास्तीत जास्त वजन, साडेचार टनांचं.

हे पासिंग सगळ्याचं मूळ. युरोपात मोटरहोमवाल्यांची दुनिया ३.५ टनांच्या रेषेवर दुभंगते. रेषेच्या आत आहात तोवर तुमची गाडी कारच्या रांगेत. रेषा ओलांडली की अनेक देशांत ट्रकच्या हिशेबात. साध्या कारच्या लायसन्सवर तिकडे साधारण ३.५ टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. दादाने जर्मन लायसन्स १९९९ च्या आधी काढलेलं, त्या जुन्या वर्गावर ७.५ टनांपर्यंत चालतं, म्हणून आमचं निभावलं.

दादाला हलकी गाडी मिळत नव्हती असं नाही. पण आईची चाकाची खुर्ची आत घ्यायची तर मागच्या दाराला लिफ्ट हवी. तिला रात्री उठावं लागतं, म्हणून खाली पक्का पलंग हवा. चार माणसं, पाण्याची टाकी, गॅस, सामान. हे सगळं साडेतीन टनांत बसवलं असतं तर पहिल्याच वजनकाट्यावर गाडी ओव्हरलोड निघाली असती. दादा मला फोनवर म्हणाला होता, "टोल भरू गं. आई मागे राहायला नको." त्या दिवसापासून मला या टोलचा राग कधी आला नाही.

माझ्या डोक्यात सुरुवातीला एक गोंधळ होता. पोस्टात पार्सल काट्यावर ठेवायचं, काटा दाखवील तेवढे पैसे घ्यायचे. मला वाटलं गाडीचंही तसंच. टाकी रिकामी केली, सामान कमी केलं, तर वजन रेषेखाली येईल की. तसं नाही. टोलसाठी बघतात तो गाडीच्या कागदावर छापलेला जास्तीत जास्त अनुमत वजनाचा आकडा. गाडी रिकामी उभी असली तरी तो बदलत नाही. निघण्याआधी हा कागद समोर घेऊन बसा. आक्सल किती, उंची किती, इंजिनाचा युरो वर्ग, म्हणजे प्रदूषणाचा वर्ग, कोणता, हे तीन आकडेही त्याच पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक सीमेवर यातला कोणता ना कोणता लागतो.

जर्मनीत आम्हाला टोल नाही. तिथे ३.५ टनांवरच्या गाड्यांना टोल आहे, पण तो मालवाहू गाड्यांना, मोटरहोमला नाही. मात्र जडपणाची आठवण रस्त्यावर राहतेच. आमच्यासारख्या गाडीला हायवेवर १०० च्या वर जाता येत नाही, आणि ट्रकना ओव्हरटेकबंदीची पाटी लागली की ती आम्हालाही लागू. वहिनी ती पाटी दिसली की मोठ्याने सांगायची.

ऑस्ट्रियाचा हिशेब सगळ्यात वेगळा, आणि तिथेच मी चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते. हलक्या गाड्या तिथे ठरावीक दिवसांचा पास घेतात, त्याला विन्येट म्हणतात. ३.५ टनांवरच्या गाडीला विन्येट चालत नाही. तिला काचेवर गो-बॉक्स लावावा लागतो आणि हायवेवर किलोमीटरप्रमाणे पैसे कटतात. दर आक्सलच्या संख्येवर आणि युरो वर्गावर ठरतो. आम्ही कुफश्टाइनच्या सीमेआधी एका पेट्रोल पंपावर थांबलो. गाडीचे कागद दाखवले, ५ युरो खोक्याचे दिले आणि १०० युरो आगाऊ भरले. आगाऊ भरायचे तर कमीत कमी ७५ लागतात. खोका साबणाच्या डबीएवढा. नाका नाही, फाटक नाही, माणूस नाही. रस्त्यावर कमान येते, तिच्याखालून गाडी गेली की खोका वाजतो.

एकदा वाजला तर पैसे कटले, सगळं ठीक. दोनदा वाजला तर पैसे कटले, पण शिल्लक ३० युरोंच्या खाली आली, किंवा खोक्याविषयी आणखी काही सांगायचं आहे. चारदा वाजला तर पैसे कटलेच नाहीत. आईला हे मी एसटीच्या घंटीवरून समजावलं. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिने लगेच पकडलं, "म्हंजे हितं उलटं. एक वाजली तर चल." त्यानंतर प्रत्येक कमानीला तिचा आवाज यायचा, "एकच वाजली गो!"

इन्सब्रुकवरून इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे चढायला लागलो. तिथला युरोपाब्रुक हा पूल १९६३ चा, दरीच्या तळापासून १९० मीटर उंच. आईला खिडकीशी बसवलं होतं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खाली गाव आहे नाय?" पुढे लुएगचा पूल जुना झालाय, तिथे जानेवारी २०२५ पासून बहुतेक वेळ एका दिशेला एकच लेन चालू असते. गर्दीच्या दिवशी दोन सोडतात, तेव्हा ३.५ टनांवरच्यांनी डावीकडचीच धरायची, म्हणजे भार पुलाच्या कडेला न येता मध्याकडे राहतो. ब्रेनरचा दर इतर रस्त्यांपेक्षा बराच जास्त आहे. वर पोचेपर्यंत खोका दोनदा वाजला. मी वहीत लिहिलं, "परत येताना आधी पैसे भरणे." लिहिलं, आणि इटलीत शिरल्यावर विसरले.

इटलीने आम्हाला सुखद धक्का दिला. तिथे वजन विचारतच नाहीत. पुढच्या आक्सलपाशी गाडीची उंची १.३ मीटरच्या वर आहे का आणि आक्सल किती, एवढंच. त्यामुळे दोन आक्सलची आमची साडेचार टनी गाडी ‘बी’ वर्गात, छोट्या कॅम्परच्याच रांगेत, आणि दर कारपेक्षा थोडासाच जास्त. पद्धत मात्र जुनी. शिरताना तिकीट घ्यायचं, उतरताना ते दाखवून पैसे द्यायचे. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात. हे ऐकल्यावर आईने हात पुढे केला, तिकीट घेतलं आणि बटव्यात टाकलं. श्टेर्त्सिंगला आत शिरलो ते थेट गार्डा सरोवरासाठी आफीला उतरेपर्यंत तिचा हात बटव्यावरच होता. नाक्यावर रांग धरताना वरची पाटी बघा. पिवळी टेलेपास, म्हणजे तिकडचा फास्टॅग, असलेल्यांची, तिच्यात चुकूनही शिरू नका. आपल्यासाठी नोटा-नाण्यांचं चित्र असलेली किंवा कार्डाची.

जेनोवाच्या पुढे समुद्राच्या कडेने फ्रान्समध्ये गेलो. बोगदा, मग झळाळता समुद्र, पुन्हा बोगदा. मला सारखी रत्नागिरीकडे येणारी रेल्वे आठवत होती. फ्रान्समध्ये उंची आणि वजन दोन्ही बघतात. दोन आक्सल, आणि उंची ३ मीटर किंवा वर, किंवा अनुमत वजन ३.५ टनांच्या वर, की गाडी वर्ग ३ मध्ये. तीन आक्सल असतील तर वर्ग ४. आम्ही दोन्ही कारणांनी वर्ग ३. टोल कारच्या दुपटीला पोचतो, कधी त्याच्याही वर जातो. उंची ३ मीटरच्या आत असलेल्या पण वजनाने जड गाड्यांना नाक्यावरचं यंत्र कधी कधी वर्ग २ समजतं. ते मानून पुढे जाऊ नये, नियमाने वर्ग ३ च आहे. आणि अलीकडे काही रस्त्यांवर नाकेच काढून टाकलेत, उदाहरणार्थ ए७९ आणि पॅरिसहून नॉर्मंडीला जाणारा ए१३. तिथे कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत आपण होऊन ऑनलाइन पैसे भरायचे. कोणी थांबवत नाही म्हणून फुकट समजलात तर दंड मागून येतो.

फ्रान्समध्ये टोल टाळता येतो, आणि माझ्या मते मोटरहोमने तो टाळावाच. आम्ही ग्रासहून रूट नापोलियों धरला. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून परतला तेव्हा ज्या वाटेने ग्रेनोबलला गेला, ती ही वाट. टोल शून्य. पण फुकट रस्ता जड गाडीला झेपेल का, हे आधी बघायलाच हवं. याच वाटेवर ग्रेनोबलच्या आधी लाफ्रेचा उतार आहे. २००७ मध्ये तिथे पोलंडच्या यात्रेकरूंची बस दरीत कोसळून २६ माणसं गेली, आणि त्याआधीही तिथे असे अपघात झालेले. ज्यांनी कुंभार्ली घाटात गरम ब्रेकचा वास घेतलाय, त्यांना मी वेगळं सांगायला नको. दादाने सिस्तरोंलाच वाट बदलली आणि क्रोआ-ओतच्या खिंडीने ग्रेनोबल गाठलं. आई मागे झोपली होती आणि तिची झोप मोडली नाही.

स्वित्झर्लंडमध्ये हलक्या गाड्यांना वर्षाचं विन्येट ४० फ्रँकचं. जड गाडीला वेगळा आकार, दिवसाला ३.२५ फ्रँक, पण कमीत कमी २५. हा फक्त हायवेवर नाही, सगळ्या रस्त्यांवर लागू आहे. आम्हाला सहा दिवस हवे होते. सहाचे साडेएकोणीस होतात, म्हणजे २५ भरावेच लागणार. त्याऐवजी ३२.५० मध्ये वर्षभरात केव्हाही वापरायचे दहा दिवस मिळतात. मी कागदावर दोन्ही मांडून दादाला दाखवलं आणि आम्ही दहाचे घेतले, उरलेले चार तो नंतर वापरेल. ‘विया’ नावाचं अ‍ॅप आहे, त्यात पाच मिनिटांत काम झालं. कॅम्पिंगवर शेजारच्या हलक्या गाडीवाल्या जोडप्याने आमच्याहून जास्त भरलं होतं. जड गाडी स्वस्त पडली असं फक्त इथेच घडलं.

आणि मग परतीची चूक. स्वित्झर्लंडहून लुस्टेनाऊमार्गे ऑस्ट्रियाचा जेमतेम वीसेक किलोमीटरचा तुकडा ओलांडून जर्मनीत जायचं होतं. हलक्या गाड्यांना तिथे होहेनएम्सपासून सीमेपर्यंत विन्येट माफ आहे. जड गाडीला ती माफी नाही. पहिली कमान आली आणि खोका चार वेळा वाजला. आई मागून म्हणाली, "चार! चार वाजल्या गो!" माझ्या पोटात गोळा आला. वही उघडली तर माझ्याच अक्षरात ब्रेनरच्या पानावर ती ओळ होती.

यावर उपाय असतो हे मी आधी वाचून ठेवलं होतं, तेवढं कामी आलं. चुकलेला टोल ५ तासांत आणि १०० किलोमीटरच्या आत गो-बॉक्सच्या केंद्रावर भरता येतो. पण सीमा पंधरा मिनिटांवर होती. दादा म्हणाला, जर्मनीत पोचून बघू. मी पहिल्यांदाच त्याच्यावर आवाज चढवला, "नाही दादा, सीमेच्या अलीकडेच थांबायचं." सीमेजवळच्या पंपावर थांबलो. काउंटरवरच्या बाईने खोका यंत्राला लावला, राहिलेली रक्कम घेतली, वर पैसे भरून पावती दिली. ती पावती मी अजून वहीत चिकटवून ठेवली आहे.

यंदा दादाच्या मनात क्रोएशिया आहे. म्हणजे वाटेत स्लोव्हेनिया. तिथे ऑस्ट्रियाचा खोका चालत नाही, ३.५ टनांवरच्यांना डार्सगो नावाचा त्यांचा स्वतःचा घ्यावा लागतो. चेकिया आणि पोलंडचीही जड गाड्यांसाठी आपापली वेगळी व्यवस्था. हंगेरीत मात्र मोटरहोम कितीही जड असो, विन्येटवर भागतं. अनेक देशांत चालणारा एकच खोका देणाऱ्या कंपन्या आहेत. वर्षातून तीन-चार वेळा सीमा ओलांडणार असाल तर तो जरूर घ्या. मी दादाला तेच सुचवलंय.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईला घेऊन आम्ही जयगडला गेलो. बोटीवर गाडी चढवली, पोराने खिडकीतून पावती आत दिली. मी ती डॅशबोर्डवर ठेवणार, तर मागून आईचा हात आला. तिने पावती घेतली, चौघडी घातली आणि बटव्यात ठेवली. म्हणाली, "पलीकडं उतरताना मागतील."