उलटणारी चांदी गाभण राहिली, त्याची हकिगत

तिसऱ्या वेताला, म्हणजे तिसऱ्यांदा व्याली तेव्हा, आमच्या चांदी गाईची वार (जार) अडकली. व्यायला त्रास झाला नव्हता, पण वार अर्धा दिवस झाला तरी लोंबतच होती. गल्लीतल्या एकाने हाताने ओढायची तयारीही दाखवली. डॉक्टरांनी फोनवरच दम दिला, ‘हात लावायचा नाही. ओढली की गर्भाच्या पिशवीला आतून जखमा होतात.’ औषधं झाली, वार तुकड्यातुकड्यांनी पडली, गाय दुधावर आली आणि घरात तो विषय मागे पडला.

चांदी संकरित होल्स्टीन. संगमनेरकडे आमच्यासारख्या प्रत्येक दावणीला अशा दोन-चार असतातच. गाय व्याल्यावर पिशवी पूर्ववत व्हायला दीड महिना लागतो, म्हणून साधारण 60 दिवस थांबायचं आणि मग येणाऱ्या माजाला, म्हणजे गाय फळायला तयार होते तेव्हा, भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतन करायचं. गाभणकाळ 280 दिवसांच्या आसपास असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाय लागली, म्हणजे गाभण राहिली, तर बारा-तेरा महिन्यांत पुढचं वेत मिळतं. चांदी माज तर घड्याळ लावल्यासारखा दाखवायची. भरवली, की 21 व्या दिवशी परत हंबरडा. पुन्हा भरवायची, पुन्हा उलटायची, म्हणजे गाभण न राहता परत माजावर यायची. माज नीट येतो, गाय दिसायला निरोगी, तरी तीन वेळा भरवूनही लागत नाही, तेव्हा डॉक्टरमंडळी तिला रिपीट ब्रीडर म्हणतात.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, बदला, कोणी म्हणे सरळ वळू दाखवा, कोणी म्हणे विकून टाका, दूध आहे तोवर गिऱ्हाईक मिळेल. आमच्या ह्यांचा कल विकण्याकडे होता. मी म्हटलं, एकदा नीट तपासू तरी.

तालुक्याचे डॉक्टर आले. गाईकडे बघायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘माज कधी सुरू झाला?’

‘सकाळी,’ हे म्हणाले.

‘सकाळी सुरू झाला, की सकाळी तुम्हाला दिसला?’

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. गोठ्यात बरेचदा रात्री माझंच जाणं होतं, त्यामुळे पुढचं सगळं डॉक्टरांनी मलाच सांगितलं. गाईचा माज 12 ते 18 तास टिकतो. स्त्रीबीज सुटतं ते माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी, आणि सुटल्यावर ते काही तासच जिवंत असतं. शुक्राणूंना आत जाऊन तयार व्हायलाही वेळ लागतो. म्हणून सकाळी माज सुरू झाला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी सुरू झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज रात्रीच सुरू झालेला असेल आणि आपण तो सकाळी बघून संध्याकाळची वेळ धरली, तर कांडी कितीही भारी असो, उशीर होऊ शकतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती उडणाऱ्या, म्हणजे दुसरीच्या पाठीवर चढणाऱ्या, गाईची. जी दुसरीवर उडते ती माजावर असेलच असं नाही. जिच्यावर दुसरी उडते आणि जी हलत नाही, निमूट उभी राहते, तिचा माज खरा. दावणीला बांधून ठेवलेल्या गाईला हे दाखवता येत नाही, म्हणून आम्ही पहाटे आणि संध्याकाळी गाई अंगणात मोकळ्या सोडायला लागलो. दूध अचानक लिटर-दीड लिटरने कमी आलं तरी मी आता आधी शेपटीखाली बघते.

तिथेच चांदीचं खरं दुखणं सापडलं. माजावरच्या गाईचा बळस, म्हणजे शेपटीखालून येणारा चिकट स्राव, स्वच्छ, पारदर्शक असतो, चिकट तारेसारखा लोंबतो. चांदीचा पहिल्या नजरेत तसाच दिसायचा, पण उजेडात धरला की त्यात पांढरे बारीक कण. डॉक्टरांनी तो थोडा काचेच्या नळीत घेतला, तितकंच कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं आणि नळी ज्योतीवर धरली. उकळी आली तसा रंग पिवळा होत गेला. स्वच्छ असता तर रंग बदलला नसता. पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितका पिवळेपणा गडद. म्हणजे पिशवीत सूज होती, अडकलेल्या वारेपासूनची. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण आत गर्भ धरायला जागा नीट नव्हती.

आता हा माज सोडायचा, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांचा चेहरा पडला. एक माज सोडायचा म्हणजे 21 दिवसांची वैरण, पेंड आणि पुढे ढकललेलं वेत. पण सुजलेल्या पिशवीत कांडी सोडणं म्हणजे कांडीचे पैसेही घालवणं, हे त्यांनाही पटलं. पिशवीत औषध सोडलं. पुढे अंडाशयावरची पिवळी गाठ हाताला लागल्यावर ती विरघळवायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं, आणि काही दिवसांतच चांदी माजावर आली. हे इंजेक्शन मेडिकलमधून आणून परस्पर टोचायची गोष्ट नाही. गाभण गाईला दिलं तर गाय गाबडते, म्हणजे गर्भ पडतो. आधी तपासणी, मगच सुई.

या वेळी बळस काचेसारखा निघाला. माज किती वाजता सुरू झाला तेही सांगता आलं. कांडी भरायचं काम मी जवळून बघितलं. नायट्रोजनच्या भांड्यात उणे 196 अंशांवर ठेवलेली ती बारीक नळी, आत जेमतेम पाव मिलिलिटर. ती 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, मग कोरडी पुसून, टोक कापून गनमध्ये, म्हणजे वीर्य आत सोडायच्या लांब नळीत. पाण्याचा थेंब आत गेला तर शुक्राणू मरतात, म्हणून पुसण्याची एवढी काळजी. एक हात गुदद्वारातून आत, पिशवीचं तोंड धरून, आणि गनचं टोक त्या तोंडाच्या जेमतेम पुढे. घाईने झालेलं काम आणि हे काम यातला फरक बघितल्यावर कळतो.

दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं. सासूबाई म्हणाल्या, ‘गेली गं, उलटली.’ मीही घाबरले. डॉक्टरांनी समजावलं, की माज उतरल्यावर असं रक्त बऱ्याच गाईंना, विशेषतः कालवडींना, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण गाईंना, येतं. गाय लागली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्यांना माज दिसलाच नाही त्यांच्या मात्र ते कामाचं आहे. रक्त दिसलं म्हणजे माज एक-दोन दिवसांपूर्वी होऊन गेला, आता साधारण 19 दिवसांनी लक्ष ठेवायचं.

18 व्या दिवसापासून 24 व्या दिवसापर्यंत मी गोठ्यातच घुटमळत होते. चांदी गप्प. पण गप्प गाय म्हणजे गाभण गाय असं नाही. माझ्या माहेरच्या म्हशीने उन्हाळ्यात मुका, म्हणजे बाहेर काही न दाखवणारा, माज करून भावाचं अख्खं वर्ष फुकट घालवलं आहे. सोनोग्राफीने महिन्याभरात कळतं, पण आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. दोन महिने उलटल्यावर डॉक्टरांनी हाताने तपासलं आणि ‘आहे’ एवढंच म्हणाले.

कालवडच होईल अशी लिंगनिवड केलेली कांडी वापरू या, असं दीर म्हणत होते. मादी जन्माला घालणाऱ्या शुक्राणूत डीएनए साधारण 4 टक्के जास्त असतो, त्यावरून यंत्र ते वेगळे काढतं, आणि 90 टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात, हे खरं. पण त्या कांडीत शुक्राणू साध्या कांडीच्या मानाने फार कमी असतात. आधीच उलटणाऱ्या गाईवर तो जुगार नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

व्यायच्या दोन महिने आधी चांदीला आटवली, म्हणजे दूध काढणं बंद केलं. गोऱ्हा झाला. दिरांनी टोमणा मारलाच. वार मात्र सहा तासांच्या आत पडली, त्यापुढे मला टोमण्याचं काही वाटलं नाही.

लिंगनिवड केलेल्या दोन कांड्या आता कोपऱ्यातल्या कालवडीसाठी सांगून ठेवल्यात. छातीच्या घेराला टेप लावून तिचं वजन 260 किलो भरलं, म्हणजे भरवायला हरकत नाही. आज पहाटे चारला ती उडू देत उभी राहिली. कॅलेंडरवर तारखेसोबत वेळ लिहिली आणि डॉक्टरांना संध्याकाळचं बोलावलं आहे.